जंगलातली सही

"नाही," मालविका खांबेटे म्हणाली. "मला कुठल्याही देशानं कधीही नागरिकत्व देऊ केलं नाही."

मालविकाला स्वतःला त्या बाबतीत काही कमी नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून मँचेस्टरला येऊन तिला पाव शतक होत आलं होतं, ब्रिटिश पासपोर्ट कपाटात होता, आणि कौन्सिलच्या निवडणुकीत नेमानं मत देऊन ती नंतर वर्षभर त्याच नगरसेवकाला नावं ठेवत असे. वाक्य तिचं नव्हतंच. ते तिच्या डाव्या हाताला बसलेल्या अनातोली कासाच नावाच्या सदुसष्ट वर्षांच्या माणसाचं होतं. त्यानं ते रशियनमध्ये म्हटलं, तिनं इंग्रजीत. 'तो असं म्हणतोय' असं दुभाष्यानं म्हणायचं नसतं. माणूस 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं, हा या धंद्यातला पहिला नियम. वीसेक वर्षांत मालविका ट्रिब्युनलच्या, म्हणजे परदेशी लोकांची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टाच्या, या खोल्यांमधून पळून आलेला सैनिक झाली होती, मार खाल्लेली बायको झाली होती, एकदा तर दाढीवाला पाद्रीही झाली होती, आणि संध्याकाळी घरी जाऊन कुकर लावत होती.

सरकारी वकिलानं मान डोलावली आणि नाक पुसलं. तरुण मुलगा होता, सर्दीनं बेजार, अतिशय सभ्य. सभ्य वकिलांची मालविकाला जास्त भीती वाटायची. आरडाओरडा करणारा वकील दिसतो तरी. सभ्य माणूस गोड बोलत कधी पायाखालची सतरंजी ओढील, सांगता येत नाही. जज्जबाईंनी उत्तर टिपून घेतलं. अनातोलीच्या बाजूनं निधी नावाची वकील होती, तिशीतली, इथंच वाढलेली मराठी मुलगी. तिनं सुटकेचा निःश्वास टाकलेला मालविकाला दिसला.

प्रकरण वरून साधं होतं. अनातोली या देशात तीस वर्षांहून जास्त काळ राहत होता आणि त्याच्यापाशी कुठल्याच देशाचा कागद नव्हता. पासपोर्ट होता, तोही लालभडक, कोयता-हातोड्याचा, पण तो ज्या देशाचा होता तो देश नकाशावर उरला नव्हता. अनातोलीची थोरली बहीण यादविगा तिकडे बेलारूसमध्ये ब्रेस्तच्या इस्पितळात पडून होती. ऐंशीची बाई, पडून मांडीचं हाड मोडलेलं, त्यात छाती भरलेली. आई लवकर गेल्यावर तिनंच याला वाढवलं होतं. फोनवर ती एवढंच म्हणायची की, ये. आणि याला जाता येत नव्हतं. कागदाशिवाय विमानात कुणी बसू देत नाही, आणि कसाबसा गेलाच तर परत या देशात पाऊल ठेवता येणार नाही. अपील मंजूर झालं तर राहायचा हक्क मिळणार होता आणि त्यामागून प्रवासाचा कागद. नामंजूर झालं तर बहीण जाणार, आणि हा इथं फोन हातात धरून बसणार.

तो देश कसा गेला हे मालविकाला चांगलं आठवत होतं, कारण तिचंही त्यात नुकसान झालं होतं. पुण्यात तिच्या कॉलेजच्या दिवसांत रशियन शिकणं ही शहाणपणाची गोष्ट समजली जायची. नोकऱ्या आहेत, पुस्तकं स्वस्त आहेत, मित्रराष्ट्र आहे. मालविका शेवटच्या वर्षाला होती, आणि डिसेंबरात एका सकाळी मास्तर वर्गात आले ते खुर्चीवर नुसतेच बसून राहिले. रशिया, युक्रेन आणि बेलारूस या तीन प्रजासत्ताकांचे पुढारी बेलारूसमधल्या एका जंगलात, शिकारीच्या बंगल्यावर जमले होते आणि करारावर सह्या करून मोकळे झाले होते. सोव्हिएत संघ नावाचं राज्य आता अस्तित्वात नाही, असं त्या करारात लिहिलं होतं. आपल्याकडे दोन भाऊ एक शेत वाटून घेतात तर तलाठी, मोजणीदार, पाच पंच लागतात, आणि एवढं करून पुढच्या दोन पिढ्या बांधावरून भांडतात. इथं पृथ्वीचा सहावा हिस्सा वाटला गेला आणि ज्यांचा होता त्यांना बातम्यांमधून कळलं. मालविकाच्या आईनं तर कपाळाला हात लावला. म्हणाली, तुझ्या परीक्षेपर्यंत तरी थांबायचं होतं मेल्यांनी.

अनातोली तेव्हा तेहतीस वर्षांचा होता आणि समुद्रात होता. मासे गोठवून वाहून नेणाऱ्या जहाजावर तो इलेक्ट्रिशियन होता. जहाज एका देशाचं म्हणून निघालं आणि अर्ध्या वाटेत त्याचा देशच गेला. मग मालक बदलले, पगार थांबले, आणि शेवटी स्कॉटलंडच्या एका बंदरात जहाज जे उभं राहिलं ते तिथंच गंजलं. बाकीचे खलाशी हळूहळू आपापल्या नव्या देशांत गेले. अनातोलीचं त्रांगडं झालं. जन्म बेलारूसचा, नोकरीची नोंद लाटव्हियातल्या बंदराची, जहाजाची कंपनी रशियातली. बेलारूस म्हणे, नवा कायदा आला त्या दिवशी तू इथं राहत नव्हतास. लाटव्हिया म्हणे, तू आमचा कधी होतास? रशिया म्हणे, वेळेत अर्ज का नाही केलास? तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं. धुपाटणं म्हणजे तो लाल पासपोर्ट. मँचेस्टरला येऊन त्यानं दुकानांचे फ्रिज दुरुस्त करत दिवस काढले, आणि ते दुकानदार आज त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला सकाळी येऊनही गेले होते.

जज्जबाईंनी जेवणाची सुट्टी जाहीर केली. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं, आणि पुढचं जे झालं ते मालविकाच्या डब्यामुळे झालं.

दुभाष्यांना बसायला एक वेगळी खोली असे. त्या दिवशी ती रंगवायला काढली होती, म्हणून मालविका कॉरिडॉरच्या टोकाच्या बाकावर येऊन बसली. तिच्या डब्यात दोन पोळ्या होत्या, काचऱ्यांची भाजी आत घालून गुंडाळलेल्या. समोरच्या बाकावर अनातोली येऊन बसला. निधी फोनवर बोलत खाली गेली होती. त्याच्यापाशी काही खायला नव्हतं, आणि खालच्या कॅफेत जायचं त्याच्या मनातही दिसत नव्हतं. हात गुडघ्यांवर ठेवून तो जमिनीकडे बघत होता. चेहरा असा पांढरा की आता हा माणूस पडतो की काय असं वाटावं.

नियम मालविकाला तोंडपाठ होता. ज्याचं बोलणं आपण पोहोचवतो त्याच्याशी खोलीबाहेर बोलायचं नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, त्याला काही द्यायचं नाही. नव्या पोरींना ती स्वतः हे शिकवत असे, आणि चांगली दरडावून शिकवत असे. पण नियम करणाऱ्यांनी समोर उपाशी म्हातारा बसवून हातात उघडा डबा दिल्यावर काय करायचं, हे लिहिलेलं नव्हतं. उपाशी माणसासमोर एकट्यानं जेवायचं नाही, हे तिला आईनं नियम म्हणून शिकवलं नव्हतं. घरात तसं कुणी कधी केलंच नव्हतं. तिनं पहिला घास परत डब्यात ठेवला. डबा बंद करून उठून जाता आलं असतं. तेवढं सुचलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. तिनं दुसरी पोळी कागदी रुमालात घेतली, उठली आणि त्याच्यापुढे धरली.

त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग पोळीकडे. घेतली. न थांबता, नीट चावून, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मालविका आपल्या जागी येऊन बसली आणि दुसरीकडे बघू लागली. आपण फक्त एक पोळी दिली, बोललो काहीच नाही, असा हिशोब ती मनाशी मांडत होती.

"सकाळी मी खोटं बोललो," अनातोली रशियनमध्ये म्हणाला.

मालविकानं हात वर केला. मला सांगू नका, तुमच्या वकिलाला सांगा, असं ती म्हणालीही. पण पोटात अन्न गेलं की माणसाचं तोंड उघडतं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी उठून जायला हवं होतं, ती उठली नाही. त्यानं त्या जंगलाचं नाव घेतलं, आणि ती बसून राहिली.

तो बोलत गेला. ज्या शिकारीच्या बंगल्यात करार झाला तिथून त्याचं गाव सायकलच्या अंतरावर. लहानपणी तो आणि यादविगा त्या जंगलात आळंबी वेचायला जायचे. पुढे इथं आल्यावर, पंचाण्णव साली, तो लंडनला बेलारूस या नव्या देशाच्या वकिलातीत गेला होता. तिथल्या बाईनं त्याच्यापुढे अर्ज ठेवला, पेन दिलं. म्हणाली, इथं सही करा, बाकीचं आम्ही बघतो, तुम्ही आमचे. त्यानं विचारलं, मग कालपर्यंत मी कुणाचा होतो? ती म्हणाली, ते राज्य आता नाही. चांगली बाई होती, तिनं थट्टा केली नव्हती. पण त्याच्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या घरामागच्या जंगलात बसून तुम्ही मला न विचारता सही केलीत, आता माझी सही तुम्हाला मिळायची नाही. त्यानं पेन खाली ठेवलं आणि निघून आला. राग उतरल्यावर, काही वर्षांनी, पुन्हा गेला. तेव्हा तिथं दुसरा माणूस होता. तो म्हणाला, तेव्हाच करायचं होतं. त्यानंतर कितीदा तरी लिहिलं, प्रत्येकदा नकार.

"हे मी निधीला सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "यादविगालाही नाही. तिला वाटतं, त्यांनी मला घेतलं नाही."

मालविकानं डबा बंद केला. सरकारची सगळी मदार याच एका मुद्द्यावर होती. या माणसाला देश मिळत होता, यानंच घेतला नाही, एवढं सिद्ध झालं की संपलं. आणि सकाळचं ते 'नाही' तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं. ती मान वळवून बघते तो कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला कॉफीचा कप हातात धरून सरकारी वकील उभा होता. त्याला रशियन येत नव्हतं. पण पोळीचा रिकामा कागद अनातोलीच्या हातात होता, आणि दोघं बोलत होती, एवढं कळायला रशियन लागत नाही.

दुपारी खोलीत सगळे बसल्याबरोबर तो उभा राहिला. आपल्याला हे सांगताना वाईट वाटतंय, असं त्यानं सुरुवातीलाच म्हटलं, आणि त्याला खरंच वाटत असावं. दुभाषीनं अपीलकर्त्याला खाऊ घातलं, नंतर दोघांत बराच वेळ संभाषण झालं, ते कशाबद्दल होतं हे कुणालाच माहीत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कुणी कुणाचं मीठ खाल्लं आणि आता कोण कुणाच्या मिठाला जागणार, असा त्याचा प्रश्न होता.

जज्जबाईंनी चष्मा काढला. हे खरं आहे का, असं त्यांनी मालविकाला विचारलं.

या खोलीत मालविकाला स्वतःचं म्हणून कुणी काही विचारल्याची ही पहिलीच वेळ. फक्त जेवणाबद्दल बोललो, असं म्हटलं तर निभावून जाईल. काहीच बोललो नाही म्हटलं तर वकिलानं पाहिलंय, म्हातारा बुडतो. खरं सगळं सांगितलं तरी बुडतोच. अनातोली तिच्याकडे बघत नव्हता, टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होता, आणि ते तिला जास्त लागलं.

"मी त्यांना पोळी दिली," ती म्हणाली. "ती चूक माझी. मग ते स्वतःबद्दल काही बोलले आणि मी ऐकलं. यापुढे मी यांची दुभाषी राहू शकत नाही."

काय बोलले, ते ती सांगणार तेवढ्यात जज्जबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. ते आपल्याला ऐकायचं नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. दुभाषी साक्षीदार नसते. पण आता सकाळची साक्षही या दुभाषीमुळे वादात आली. नवा दुभाषी शोधून सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागेल. तारीख कधीची मिळेल, असं त्यांनी कारकुनाला विचारलं. पाच महिन्यांनंतरची, असं उत्तर आलं. मालविकाच्या वागण्याबद्दल वर कळवणं भाग आहे, हेही त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता. मालविकानं मान हलवली. तिचं त्याकडे फारसं लक्षच नव्हतं. पाच महिने, एवढाच आकडा तिच्या डोक्यात घुमत होता.

निधी ताडकन उठून तिच्याजवळ आली. सकाळी ओळख करून घेताना ती कौतुकानं मराठी बोलली होती, आता संतापानं बोलली.

"मावशी, हे काय केला तुम्ही? माझा सगळा तयारी वेस्ट. फाइव्ह मंथ्स! त्याचा सिस्टर फाइव्ह मंथ्स थांबणार आहे का?"

"तो उपाशी बसला होता गं समोर," मालविका म्हणाली. तिला स्वतःलाच ते हास्यास्पद वाटलं.

"मग? खाली कॅफे आहे ना!"

करायला गेले गणपती आणि झालं माकड, दुसरं काय. मालविकाला स्वतःचा राग आला होता, आणि तरीही पोळी दिल्याबद्दल वाईट वाटून घ्यायला मन तयार नव्हतं. दोन्ही एकदम वाटत होतं आणि त्यामुळे तिला धड रडूही येत नव्हतं.

तेव्हा अनातोली उभा राहिला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. आणि तो इंग्रजीत बोलला.

"मॅडम जज्ज. दुभाषी नको. मी बोलतो. आज."

निधीनं त्याचा कोट ओढला. जज्जबाईंनी त्याला समजावलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. तुम्हाला दुभाषी मिळण्याचा हक्क आहे. इंग्रजीत उत्तर दिलंत तर जे बोलाल तेच धरलं जाईल. एखादा शब्द चुकला तर सावरायला कुणी नसेल. कळतंय ना?

"कळतं," तो म्हणाला. "माझं इंग्लिश फ्रिजचं आहे. थोडं आहे. पण बहीण थांबत नाही."

निधीनं त्याच्याशी बाजूला जाऊन बोलून पाहिलं, सरकारी वकिलानं आपली हरकत नसल्याचं सांगितलं, आणि शेवटी जज्जबाईंनी मान्य केलं. मालविकाला आता त्या खोलीत काही काम नव्हतं. ती जाऊ शकत होती. पण सुनावणी कुणालाही बसून ऐकता येते, म्हणून ती मागच्या भिंतीलगतच्या खुर्चीत जाऊन बसली. कुकर आज उशिरा लागला तरी चालणार होतं.

ती पुढची घटका तिच्या आयुष्यातली फार वाईट गेली. अनातोलीचं इंग्रजी खरंच फ्रिजचं होतं. कंप्रेसर, थर्मोस्टॅट, गळती, फ्यूज, हे सगळं त्याला अस्खलित येत होतं. पण बंदर सोडून मँचेस्टरला का आलात, याचं उत्तर द्यायला त्याला तीनदा अडखळावं लागलं. एका प्रश्नाला तो भलतंच बोलला. काम केलं नाही असं म्हणायचं होतं त्या जागी काम आवडलं नाही असं म्हणाला, आणि सरकारी वकिलानं ते लगेच टिपून घेतलं. मालविकाला नेमका शब्द माहीत होता. प्रत्येक वेळी तो तिच्या जिभेवर येऊन थडकत होता. अनातोली अडला की सवयीनं उजवीकडे मान वळवायचा, तिथं रिकामी खुर्ची असायची, मग त्याची नजर मागे तिच्यापर्यंत यायची. जज्जबाई बघत असायच्या. मालविका दात घट्ट आवळून पर्स मांडीवर धरून बसायची. ओठसुद्धा हलवायचे नाहीत, असं तिनं ठरवलं होतं.

आणि मग तो प्रश्न आला. तो येणारच होता. आपण सकाळी एक प्रश्न विचारला होता, असं सरकारी वकील नाक पुसत म्हणाला. तेव्हा उत्तर दुभाषीमार्फत मिळालं. आता तो पुन्हा विचारतो. कुठल्याही देशानं तुम्हाला कधी नागरिकत्व देऊ केलं होतं का?

निधी निवांत होती. तिला उत्तर माहीत होतं, किंवा तसं तिला वाटत होतं. या खोलीत खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. मालविकानं डोळे मिटून घेतले. म्हण, नाही म्हण, असं तिच्या मनात आलं. वीस वर्षं एक शब्द इकडचा तिकडे न करणारी बाई, आणि मनातल्या मनात एका म्हाताऱ्यानं शपथेवर खोटं बोलावं म्हणून देवाला विनवत होती. तिला स्वतःला बोलावं न लागता खोटं पचलं असतं तर ते तिला हवंच होतं, हे कबूल करायला हवं.

अनातोलीनं पाण्याचा पेला उचलला, न पिताच परत ठेवला. सकाळी किती पटकन म्हणाला होता. तेव्हा बोलायला दुसऱ्याचं तोंड होतं.

"हो," तो म्हणाला. "एकदा."

निधीच्या हातातलं पेन थांबलं. तिनं आधी अनातोलीकडे पाहिलं आणि मग मान वळवून मालविकाकडे. पोळीच्या वेळी काय बोलणं झालं ते तिला त्या क्षणी कळलं असणार. सरकारी वकिलानं कागद खाली ठेवला. म्हणजे सकाळी तुम्ही खरं बोलला नाहीत?

"सकाळी खोटं. आता खरं. पंचाण्णव साल. कागद होता. पेन होतं. मी सही नाही केली."

का नाही केली?

इथं त्याचं इंग्रजी संपलं. त्याची मान मागे वळली. अपमान, हा शब्द त्याला हवा होता. मालविकाच्या तोंडात तो इंग्रजीत तयार होता. एवढा एक शब्द तिला दिला असता तर त्याचं काम झालं असतं, आणि तेवढ्यानंच सगळं नासलं असतं. तिनं मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते कुणाला दिसलं तर दिसो, असं तिनं मनाशी म्हटलं.

"मशीन चांगलं आहे," अनातोली शेवटी म्हणाला. हातानं त्यानं एक चौकोन दाखवला. "चालू आहे. काम करतं. कुणीतरी मेन स्विच बंद करतो. जंगलात. माझ्या घरामागच्या जंगलात. मशीनला विचारत नाही. मग दुसरा येतो, म्हणतो, नवा स्विच, नवा मालक, थँक यू म्हण. मला राग. खूप राग. म्हणून सही नाही."

जज्जबाई लिहायच्या थांबल्या होत्या. सरकारी वकिलानं पुढचा प्रश्न फार हळू विचारला, आणि तो सापळा होता. आज कुणी तसाच कागद पुढे ठेवला तर सही कराल का? नाही म्हणाला तर हा हट्टी म्हातारा, आपण होऊन बिनदेशाचा राहिलेला. हो म्हणाला तर मग जा ना त्यांच्याकडे, इथं कशाला आलास.

"आज करतो," अनातोली म्हणाला. "इथं, या टेबलावर करतो. राग आता म्हातारा झाला. मी पण. पण कागद कुणी देत नाही. तिघांना विचारलं. खूप वेळा. तिघं म्हणतात, आमचा नाही." त्यानं वकिलाकडे पाहिलं. "तुझ्याकडे आहे का कागद? दे."

तो टोमणा नव्हता. तो खरंच मागत होता. वकिलानं नाक पुसलं आणि आणखी प्रश्न नाहीत असं सांगितलं. निधीनं एकच गोष्ट केली. तिन्ही देशांच्या नकारांची पत्रं, अगदी अलीकडची, जज्जबाईंना पुन्हा दाखवली, आणि खाली बसली.

असा निकाल तिथल्या तिथे क्वचितच देतात. बहुतेक वेळा तो काही आठवड्यांनी टपालानं येतो आणि दुभाष्याला तर कधी कळतही नाही. पण जज्जबाई थोडा वेळ आत गेल्या आणि परत येऊन बोलू लागल्या. वाक्यं लांबलचक होती, एकात दुसरं अडकलेलं. अपीलकर्ता सकाळी शपथेवर खोटं बोलला, ही गंभीर बाब आहे, ती आपण दुर्लक्षित करणार नाही. निधीनं कपाळावर हात ठेवला. तथापि, जज्जबाई म्हणाल्या, दुपारी तो स्वतःच्या विरुद्ध खरं बोलला, आडोसा नसताना आणि फायदा नसताना, त्यामुळे त्याच्या उरलेल्या साक्षीवर विश्वास ठेवायला आपण तयार आहोत. एकेकाळी देश नाकारला म्हणून आज त्याला देश आहे असं होत नाही. त्याचं सगळं उभं आयुष्य इथं गेलं आहे. मग कलमं आली, उपकलमं आली, आणि त्यांच्या अगदी शेवटी, जवळजवळ श्वासात विरून जाईल असं, अपील मंजूर हे शब्द आले.

निधीनं तोंडावर हात दाबला. अनातोली मात्र तसाच ताठ उभा होता. कायद्याच्या इंग्रजीतलं त्याला काहीच कळलं नव्हतं. खोटं, गंभीर, विरुद्ध, एवढे शब्द कळले असणार, आणि त्यांचा अर्थ त्यानं लावला असणार. त्याचा चेहरा दुपारच्यासारखा पांढरा झाला होता. तो मागे वळला. मालविकाकडे बघून त्यानं रशियनमध्ये विचारलं, काय म्हणाल्या त्या?

मालविका उभी राहिली. तिनं जज्जबाईंकडे पाहिलं. त्यांनी आपले कागद गोळा केले, एकावर एक ठोकून सारखे केले, आणि सुनावणी संपली आहे, आता कुणीही कुणाशी बोलायला हरकत नाही, असं म्हणाल्या.

आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोललेल्या मालविकाला स्वतःचं वाक्य चटकन जुळेना. अपील, मंजूर, हक्क, हे सगळे शब्द होते, आणि त्यातला एकही तिला पुरेसा वाटला नाही. तिच्या घरातून कुणी बाहेर पडलं की तिची आई उंबऱ्यात उभी राहून जे म्हणायची तेच तिच्या ओठांवर आलं. रशियनमध्ये ते नीट बसत नव्हतं, तरी तिनं तसंच म्हटलं.

"बहिणीकडे जाऊन या."

तो तिच्याकडे बघत राहिला. ते तो स्वतःशी पुटपुटला, एकदा, दोनदा.

"या?" त्यानं विचारलं. "म्हणजे परत?"

"हो," मालविका म्हणाली. "परत. इथं."

अनातोली खाली बसला, त्यानं दोन्ही हातांत चेहरा लपवला, आणि मोठ्यानं रडू लागला.